जायला जागा

छत्रपती संभाजीनगरातल्या महिला समुपदेशन केंद्रात मी काम करते हे कळलं, की लोक हमखास विचारतात, ‘मारहाणीच्या केसेस जास्त कुणाच्यात असतात हो?’ सिडकोतल्या माणसाला वाटतं, जुन्या शहरातल्या मोहल्ल्यांत असतील. मोहल्ल्यातल्याला वाटतं, वाळूजला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांत. उत्तर दुसऱ्याच्या वस्तीत निघावं, अशी प्रत्येकाची इच्छा असते. आमच्या बाकावर मात्र सगळ्या वस्त्या शेजारीशेजारी बसतात. प्राध्यापकाची बायको, रिक्षावाल्याची, कंपनीत कायम असलेल्याची आणि कायम होता होता कमी केलेल्याचीही.

धोका सगळ्यांना सारखाच, असं मी म्हणणार नाही. नवऱ्याची दारू हे एक कारण तर उघडच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, नवरा वारंवार झिंगून घरी येतो अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण इतकी वर्षं ऐकून माझं मत असं झालं आहे, की मार कुठवर वाढेल हे ठरतं ते बाईला तिथून उठून जायला जागा आहे की नाही, यावर. ती जागा बंद करण्याची रीत प्रत्येक समाजाची वेगळी.

ऊसतोडीचं बघा. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलीला गावात एकटी कशी ठेवायची, म्हणून आणि लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो, म्हणूनही लग्नं लवकर उरकली जातात. त्याच पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम अर्ध्यावर असताना ती निघून गेली तर कोयता मोडतो आणि पैसे अंगावर राहतात. फडावरच्या झोपडीत, कोपीत, मार खाल्ला तरी सकाळी मोळ्या बांधायला ती हजर असते.

किराडपुरा, रोशन गेटकडच्या मुस्लिम बायकांची अडचण निराळी. ‘घर की बात घर में’ हे तर आहेच, पण तक्रार केली की नवऱ्याबरोबर सगळ्या कौमचं नाव निघेल, ही धास्ती त्याहून मोठी. ज्या दलित वस्तीनं पोलिसांचा वाईट अनुभव घेतलेला असतो, तिथली बाईही चौकीची पायरी चढताना शंभरदा विचार करते. २००५चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा कुठल्याही धर्माच्या बाईला सारखाच लागू आहे, हे आम्हाला रोज सांगावं लागतं. आणि सिडकोतल्या बाईला तिचं शिक्षणच आड येतं. ‘एवढी शिकलेली असून सहन कसं केलंस?’ हे ऐकायला नको, म्हणून ती वर्षानुवर्षं येत नाही.

आल्यावर बाईला विचारलं जातं, ‘कधीपासून मारतो? कशानं मारतो?’ मी आणखी एक विचारते, ‘कधी गळा धरला होता का?’ जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेनं १९८५ साली बाईच्या जिवाला असलेला धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली. गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असं त्या धर्तीच्या अभ्यासातून दिसून आलं. बऱ्याचदा गळ्यावर वळ दिसत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात. एक बाई दंडावरचे वण दाखवत होती. मी गळ्याचं विचारलं, तर सहज म्हणाली, ‘धरतो ना मॅडम, गप बसावं म्हणून.’ मार म्हणून तिनं ते मोजलंच नव्हतं. अशा वेळी मी तडजोडीची बैठक लावायला ठाम नकार देते. ती निघून जाणार आहे हे त्याला कळतं, तो काळ सगळ्यात धोक्याचा. म्हणून जागेची सोय आधी, बोलणं नंतर.

जागा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे माहेर येतं. मराठवाड्यात माहेर टिकवायची एक किंमत ठरलेली आहे, ती म्हणजे हक्कसोड पत्र. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून हिंदू वारसा कायद्यात आहे. तरी बहिणी भावासाठी सही करून देतात. वाटा मागितला तर दिवाळीची साडी आणि पंचमीचं बोलावणं बंद होईल, ही भीती खोटी नसते. पण तीच बहीण सुजलेलं तोंड घेऊन दारात उभी राहिली, की चार दिवसांत वहिनीची कुरबुर सुरू होते आणि आई म्हणते, ‘लेकराकडं बघ बाई, जाय माघारी.’ सही करून राखलेलं माहेर पाचव्या दिवशी तिला एसटीत बसवून देतं.

मालमत्ता बाईच्या नावावर असली तर काय फरक पडतो, यावर केरळात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यातल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्लेला होता. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं. ते काम अर्धवट राहिलं, याची मला फार हळहळ वाटते.

सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५च्या कायद्यानं दिला आहे, आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. तसा आदेश आम्ही जरूर मागतो. पण गळा धरणाऱ्याच्याच छताखाली तिला परत झोपायला सांगायचं, हे मला पटत नाही. तिला स्वतःची दुसरी जागा हवी. म्हणून केंद्रात भाऊ सोबत आला, की नवऱ्याचा विषय निघण्याआधी मी त्यालाच विचारते, ‘सातबाऱ्यावर हिचं नाव आहे का?’ बरेच भाऊ चिडतात. काही जण मान खाली घालतात. ज्यांनी अजून सही घेतलेली नसते, त्यांच्याशी मी तासभर बोलत बसते.