पुनर्मीलनाचा आनंद

जें एकदां गेलें तें परत येत नाहीं, हें वचन मनुष्य लहानपणापासून ऐकत असतो आणि वाढत्या वयाबरोबर त्याची प्रतीतिही घेत असतो. असें असूनही, गेलेलें कांहीं परत येत आहे अशी नुसती वार्ता कानीं आली कीं भल्या भल्या विचारी माणसांचें चित्त थाऱ्यावर राहात नाहीं. या विसंगतीचें एक ठळक उदाहरण अलीकडेच इंग्लंडांत घडलें. त्याचें निमित्त एका गाणाऱ्या मंडळीचें असलें, तरी त्यांतून उद्भवणारा प्रश्न गाण्यापुरता नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

मँचेस्टर येथील ‘ओएसिस’ हा रॉक संगीताचा बँड. नोएल व लियाम गॅलाघर हे दोघे सख्खे भाऊ त्याचे मुख्य आधार. थोरला बहुतेक गाणीं रची, धाकटा तीं गाई. १९९४ सालीं त्यांचा पहिला गीतसंग्रह निघाला, १९९५ सालीं दुसरा. आणि १९९६ च्या ऑगस्टांत नेबवर्थ येथें दोन रात्रीं मिळून अडीच लाख लोक त्यांस ऐकावयास जमले. तिकिटांसाठीं अर्ज करणारांची संख्या तर पंचवीस लाखांच्या वर गेली होती. पुढें भावाभावांतील कलह विकोपास गेला. ऑगस्ट २००९ मध्यें पॅरिस येथें, कार्यक्रमास आरंभ होण्यापूर्वींच रंगमंचामागें भांडण जुंपलें, एक गिटार फुटली, आणि त्याच रात्रीं थोरल्यानें आपण बँड सोडल्याचें जाहीर केलें. त्यानंतर पंधरा वर्षें दोघांनीं आपापलीं निराळीं बिऱ्हाडें थाटलीं आणि एकमेकांवरचा राग जगासमक्ष बोलून दाखविला. अखेर २७ ऑगस्ट २०२४ रोजीं, आपण पुन्हां एकत्र येत आहों, असें त्यांनीं कळविलें. ४ जुलै २०२५ रोजीं कार्डिफच्या क्रीडांगणावर ते हातांत हात घालून लोकांपुढें आले. आणि २३ नोव्हेंबर २०२५ रोजीं ब्राझिलांतील साओ पावलो येथें एकेचाळिसाव्या कार्यक्रमानें तो दौरा समाप्त झाला. मधल्या काळांत पन्नाशीस टेकलेले गृहस्थ आपल्या विशीच्या मुलांना बरोबर घेऊन त्या गर्दींत उभे होते, गात होते, आणि कित्येक जण उघड उघड रडतही होते.

हा आनंद शहाणपणाचा म्हणावा काय ? या प्रश्नास ‘नाहीं’ असें उत्तर देणारांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. ते क्रमानें तपासून पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, जें परत आलें म्हणतां तें तेंच नव्हे. मिलिंद राजास नागसेनानें विचारलें होतें कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे त्याचीं चाकें काय, आंस काय, कीं जूं काय ? यांपैकीं एकही रथ नव्हे. रथ हें व्यवहारासाठीं दिलेलें नांव. तोच न्याय येथें लावला तर काय दिसतें ? पहिल्या संग्रहाच्या वेळीं जे पांच जण होते, त्यांपैकीं कार्डिफला तिघेच रंगमंचावर होते. त्यांतही थोरला बंधु अठ्ठावन्न वर्षांचा आणि धाकटा बावन्नाचा. लंडन येथें १० डिसेंबर २००७ रोजीं ‘लेड झेपेलिन’ हा जुना बँड एका रात्रीपुरता एकत्र आला, तेव्हां १९८० सालीं निवर्तलेल्या जॉन बॉनमच्या जागीं त्याचा मुलगा जेसन ताल धरून बसला होता. मग ‘तेच’ म्हणावयाचें तें कोणास ?

आमच्या मतें या आक्षेपाचें उत्तर आपल्याच शास्त्रकारांच्या एका जुन्या उदाहरणांत आहे. ‘तोच हा देवदत्त’ असें आपण म्हणतों, तेव्हां ‘तो’ स्मृतींतला असतो आणि ‘हा’ डोळ्यांपुढचा. या दोहोंची गांठ पडते ती पाहणाराच्या ठिकाणीं. ज्यास पहिल्याची स्मृतिच नाहीं, त्यास हें वाक्य उच्चारतां येणार नाहीं. वेदान्ती हें उदाहरण घेऊन सांगतात कीं, तो काळ आणि हा काळ हे दोन विरोधी अंश सोडून द्यावे व उरेल तो देवदत्त घ्यावा. तत्त्वनिर्णयास हें ठीक आहे. आनंदाचा प्रकार मात्र उलट आहे. त्यास दोन्ही काळ हवे असतात. तरुणपणीं ऐकलेला धारदार आवाज आणि आज ऐकूं येणारा जाड झालेला आवाज, हे दोन्ही एकदम मनांत वाजतात म्हणूनच ऐकणाराचे डोळे भरून येतात. तेव्हां हे लोक फसले आहेत असें म्हणणें बरोबर नाहीं. मधलीं वर्षें गेलीं हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

दुसरा आक्षेप पैशाचा. हें सारें पुनर्मीलन द्रव्यासाठीं आहे, असें पुष्कळ जण म्हणतात. आणि द्रव्याचा वास अशा प्रसंगीं येतो हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडनें तर १९९६ सालीं एकत्र येतांना आपल्या दौऱ्यास ‘पापाचा पैसा’ अशा अर्थाचें नांव देऊन टीकाकारांचें तोंडच बंद केलें. उलट ‘आबा’ या स्वीडिश मंडळीनें २००० सालीं पुन्हां एकत्र येण्यासाठीं पुढें केलेली शंभर कोटि डॉलरांची देणगी परत फिरविली. परंतु कलावंतानें मोबदला घेणें हें पाप नव्हे. आमच्याकडे कीर्तनकारही बिदागी घेतो आणि त्यामुळें कथा अपवित्र होत नाहीं. दोष असतो तो लोकांच्या प्रीतीचा अडवणुकीसाठीं उपयोग करण्यांत. ओएसिसचीं तिकिटें ३१ ऑगस्ट २०२४ रोजीं विक्रीस निघालीं, तेव्हां तासन् तास ताटकळत राहिलेल्या कित्येकांस, सुमारें दीडशें पौंडांचें उभ्या जागेचें तिकीट साडेतीनशें पौंडांहून अधिक किंमतीस घ्यावें लागेल, असें अगदीं अखेरच्या क्षणीं कळलें. तेथील बाजारनियंत्रक सरकारी संस्थेनें या प्रकाराची चौकशी केली, आणि किंमतींची पूर्वसूचना नीट देण्याचें अभिवचन विकणाऱ्या कंपनीनें २०२५ सालीं दिलें. हा नुसता व्यापारी तंटा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचें मन गुंतलें आहे त्याची सौदा मोडण्याची शक्तिच नाहींशी झालेली असते. अशा वेळीं त्याच्यापासून किंमत लपविणें म्हणजे त्याच्या उत्तम भावनेवर कर बसविणें होय. येथें जो राग लोकांस आला तो रास्त होता.

पण यावरून दोघां भावांचा समेट खोटा ठरतो काय ? दुसऱ्याच्या अंतःकरणांत शिरून पाहण्याचें साधन आपणांपाशीं नाहीं. वर्षानुवर्षें अबोला धरलेले भाऊ वडिलांच्या जमिनीच्या कागदावर सही करण्यासाठीं एका ओसरीवर येतात, हें आपण आपल्या गांवीं पाहिलेलेंच आहे. येण्याचें कारण जमीन, यांत संशय नसतो. पण सही झाल्यावर एक जण दुसऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी करतो, आंतून चहा येतो, आणि जावाजावांचें बोलणें सुरू होतें. माणसास उंबरठ्यापर्यंत आणणारा हेतु एक असतो. तेथें त्यास बसवून ठेवणारा दुसरा असूं शकतो. पहिला हेतु शुद्ध नव्हता एवढ्यावरून दुसऱ्याचा निषेध करणारानें आपल्या घरांतील किती समेट शिल्लक राहतील याचाही हिशेब करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. हे लोक गाण्यावर प्रेम करीत नाहींत, ते आपल्या गेलेल्या तारुण्यावर करितात, असें त्याचें स्वरूप. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें ऐकून दुष्यंत कारणावांचून व्याकुळ होतो, आणि कोठल्या तरी पूर्वजन्मींच्या स्नेहाची ही आठवण असावी असें त्यास वाटतें. पन्नाशींतल्या माणसास आपली विशी ही पूर्वजन्माइतकीच दूर असते; तेव्हां त्याची व्याकुळता समजण्यासारखी आहे. पण व्याकुळता समजणें वेगळें आणि ती हितकर मानणें वेगळें, असें आक्षेपक म्हणेल.

यांत सत्यांश आहे. पण तो पुरा नाहीं. २२ मे २०१७ रोजीं मँचेस्टर येथें एका संगीतसभेच्या अखेरीस बाँबस्फोट होऊन बावीस निरपराध माणसें मृत्यु पावलीं. तीन दिवसांनीं शहरांतील सेंट ॲन चौकांत लोक स्तब्ध उभे राहिले. ती स्तब्धता संपतांच गर्दींतील एका स्त्रीनें नोएलचें ‘डोंट लुक बॅक इन अँगर’ हें गाणें आरंभिलें आणि हळूहळू सारा जमाव त्यांत मिळाला. त्या वेळीं बँड मोडून आठ वर्षें होत आलीं होतीं. तेथें कोणी आपलें तारुण्य आठवीत नव्हतें. शोक एकत्र व्यक्त करावयास शब्द हवे होते, आणि तें काम एका जुन्या गाण्यानें केलें. ज्या गाण्यानें एवढी सेवा केली, त्याच्या कर्त्यांस समक्ष पाहावें, त्यांच्यासह तें एकदां म्हणावें, ही इच्छा निव्वळ स्वतःच्या भूतकाळाचा मोह नव्हे. तींत कृतज्ञता आहे, आणि कृतज्ञतेस समक्ष भेट हवी असते.

शिवाय या आनंदांत कालाची जाणीव मुळींच नाहीं असें नव्हे. उलट ती फार तीव्र आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ घेऊन उभे राहिले, आणि त्याच वर्षींच्या ४ ऑक्टोबरास केशवराव निवर्तले. तीन महिन्यांची ढिलाई झाली असती तर महाराष्ट्राच्या एका पिढीची ती रात्र उगवलीच नसती. ‘पिंक फ्लॉइड’चे चौघे फार वर्षांच्या वितुष्टानंतर २ जुलै २००५ रोजीं लंडनच्या हाइड पार्कांत एकत्र उभे राहिले, २००८ सालीं त्यांतील रिचर्ड राइट गेला. बीटल्स पुन्हां एकत्र येतील ही आशा १९८० च्या डिसेंबरांत जॉन लेननच्या हत्येबरोबर संपली. पुनर्मीलनास धांवत जाणाऱ्या माणसास हें सर्व ठाऊक असतें. म्हणूनच, ज्या ‘आबा’नें पूर्वीं नकार दिला, त्याच मंडळीच्या तारुण्यांतील प्रतिमा २०२२ पासून लंडनच्या रंगमंचावर यंत्रसाहाय्यानें नाचूं गाऊं लागल्या, तरी जित्या माणसाची ओढ कमी झाली नाहीं. प्रतिमेचा आवाज फाटत नाहीं, तिचे केस पिकत नाहींत. पण उद्यां ती नसेल ही भीतिही तिच्याविषयीं वाटत नाहीं.

मग या आनंदास मर्यादा नाहींच काय ? आहे. २०२५ च्या या दौऱ्यांत नवें गाणें एकही नव्हतें. बहुतेक सारीं पहिल्या तीन-चार वर्षांतलीं, आणि रोज जवळ जवळ त्याच क्रमानें. यास आम्ही दोष म्हणत नाहीं. वारीला जाणारा नवा अभंग मागत नाहीं; तो ओळखीचाच म्हणावयास जातो. परंतु वारी ही रोजची नसते. जो श्रोता जुनें गाणें ऐकून घरीं येतो आणि ‘आतां असें कोणी गात नाहीं’ म्हणून मुलाच्या खोलींतलें गाणें बंद करावयास सांगतो, त्याची स्मृति कृतज्ञ नसून कुरकुरी आहे. तिनें त्यास कांहीं दिलें नाहीं. उलट वर्तमानकाळ त्याच्यापासून हिरावून घेतला. आमच्या पिढींतील सुशिक्षितांस हा रोग फार लवकर जडतो, आणि ते त्यास अभिरुचि असें नांव देतात.

कृतज्ञ आणि कुरकुरी स्मृतींची पारख करण्यास एक साधी गोष्ट पुरेशी आहे. १९९३ च्या मे महिन्यांत ग्लासगो येथील एका लहानशा जागेंत ओएसिसचे हे पांच तरुण गात होते. त्यांचें नांव कोणास ठाऊक नव्हतें, आणि ऐकावयास मोजकींच माणसें होतीं. त्यांत गाण्याच्या तबकड्या काढणारा ॲलन मॅक्गी हा एक गृहस्थ योगायोगानें बसला होता. त्यानें तेथेंच त्यांच्यापुढें कराराची गोष्ट काढली, आणि पुढची सारी कथा तेथून सुरू झाली. कार्डिफच्या क्रीडांगणांत ज्यांनीं डोळे पुसले, त्यांच्या आनंदाचें मूळ त्या अर्ध्या रिकाम्या खोलींत आहे. अशा खोल्या आजही प्रत्येक शहरांत आहेत. तेथें कोणी अनोळखी मुलें गात आहेत, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. जुन्या गाण्यासाठीं शेंकडों पौंड देऊन आलेल्या माणसानें मधून मधून तेथेंही जाऊन बसावें. त्यास तें गाणें कदाचित् आवडणार नाहीं. पण तीस वर्षांनीं कोणास तरी परत यावयाचें असेल, तर त्याआधीं त्यांस कोणी तरी एकदां ऐकलेलें असलें पाहिजे.