दारावर कोण आहे?



कोणी रक्त सांडून संत झाले, कोणी ग्रंथ लिहून. दार उघडता उघडता संत झालेलेही काही जण आहेत. संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज हे मूळचे स्पेनमधील लोकरीचे व्यापारी. पत्नी गेली, मुले गेली, धंदाही बुडाला. १५७१ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि पुढे मायोर्का बेटावरील संघाच्या महाविद्यालयात त्यांना द्वारपालाचे काम मिळाले. हयातीतील कितीतरी वर्षे त्यांनी तेच केले. दारावर थाप पडली, की बाहेर प्रभूच उभा आहे असे मानून ते लगबगीने उठत. मग येणारा निरोप्या असो, भिकारी असो की उशिरा परतलेला विद्यार्थी! तेथे शिकणारा पीटर क्लेव्हर हा तरुण या म्हाताऱ्या द्वारपालाशी तासन् तास बोलत असे. त्यांच्याच प्रेरणेने तो दक्षिण अमेरिकेतील कार्टाजेना बंदरात गेला आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या सेवेत त्याने जन्म वेचला. १८८८ साली दोघेही एकाच दिवशी संत घोषित झाले.

आता आपल्या चर्चच्या दाराकडे वळू या. मिस्सा संपल्यावर आपल्या आवारात हसण्याबोलण्याला काही कमी नसते. लग्नाची बोलणी, पिकपाणी, मुलांचे निकाल, सारे काही तेथेच. परंतु हे हसू बहुतांशी ओळखीच्यांपुरते असते. गेल्या काही वर्षांत वसईच्या गावांभोवती इमारती उभ्या राहिल्या. मुंबईहून, मंगळूरहून, केरळहून आलेली कॅथलिक कुटुंबे तेथे राहतात. मराठी प्रार्थना त्यांना अर्धीमुर्धी कळते. ती मागच्या खांबापाशी उभी राहतात. शांतीचे अभिवादन करताना आपण त्यांच्या दिशेने हात जोडतो खरे, पण नजर मात्र पुढच्या बाकावरील वहिनींच्या नव्या साडीवर! वर्षभराने कळते, की त्यांच्यातील एक कुटुंब दुसऱ्याच कुठल्या प्रार्थनासभेला जाऊ लागले. 'श्रद्धाच कच्ची होती,' असे आपण म्हणून टाकतो. खरोखर कच्चे काय होते?

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न उपस्थित केला आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला तर त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातील गरिबाला मात्र उभे राहायला सांगायचे, हा भेदभाव त्याला मुळीच खपला नाही. तेव्हा लोक अंगठी पाहत, आपण आडनाव विचारतो. 'कुणाचे तुम्ही?' हा आपल्या गावचा किती आपुलकीचा प्रश्न! पण परक्या माणसाला तो परीक्षेसारखा वाटतो, कारण त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही लेव्हिनास या फ्रेंच विचारवंताचा अभ्यास केला होता. लिहिणे मोठे अवघड, पण त्याचा एक विचार साधा आहे. समोरच्याचे नावगाव कळण्याआधीच त्याचा चेहरा आपल्यापाशी काहीतरी मागत असतो. हसून केलेले स्वागत हे त्या मागणीला दिलेले पहिले उत्तर आहे. त्याला पैसा लागत नाही, पाठांतर लागत नाही, आणि मल्याळी माणसालाही ते भाषांतराशिवाय समजते.

मात्र दुकानदाराचे हसू आपल्याला नको. ते गिऱ्हाईक बघून उमटते आणि गिऱ्हाईक वळले की मावळते. मयताच्या मिस्साला आलेल्या विधवेपुढे दात दाखवणे तर क्रूरपणाच ठरेल. तिच्याकडे नुसते थांबून पाहिले, बसायला जागा करून दिली, तरी पुरे.

येत्या रविवारपासून प्रत्येक समूहातील दोघे जण आळीपाळीने मिस्साच्या वीस मिनिटे आधी मुख्य दारात उभे राहतील. गीतपुस्तिका हातात द्यावी, पान काढून दाखवावे, म्हाताऱ्या माणसांना पायरी चढताना हात द्यावा. नाव विचारावे, आडनाव नंतर. कमी बोलणाऱ्यांनीही संकोच करू नये. आपापल्या समूहाची नावे शनिवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्यावीत.

आपले धर्मगुरू