विहिरीची खोली

कूपमंडूक जपानी भाषेतही आहे. तिथल्या म्हणीतल्या विहिरीतल्या बेडकालाही समुद्र ठाऊक नसतो. जपानी गोल्फर मासाशी ‘जम्बो’ ओझाकींचा विषय निघाला की गोल्फच्या जाणकारांना हा बेडूक हटकून आठवतो. जपानच्या टूरवर ९४ विजेतेपदं, १२ वेळा वर्षाच्या कमाईत पहिला क्रमांक. आणि देशाबाहेर जिंकलेली स्पर्धा एक, १९७२ साली न्यूझीलंडमधली. मेजर म्हणवल्या जाणाऱ्या सर्वोच्च स्पर्धांपैकी एकही नाही. १९८९च्या यूएस ओपनमध्ये ते विजेत्या कर्टिस स्ट्रेंजच्या तीन फटके मागे राहिले. तीच त्यांची मेजरमधली सर्वोत्तम कामगिरी.

आरोप खोटा नाही, पण तो करणारे ओझाकींची विशी विसरतात. तोकुशिमाच्या या पोराने १९६४ साली शाळेच्या बेसबॉल संघाला कोशिएनची राष्ट्रीय शालेय वसंत स्पर्धा जिंकून दिली, तीही पिचर म्हणून. जपानमध्ये एवढ्यावर माणूस जन्मभर ओळखला जातो. पुढच्याच वर्षी ते निशितेत्सू लायन्स या व्यावसायिक संघात गेले. त्याच वर्षी संघात आलेल्या मासाआकी इकेनागाने पहिल्याच हंगामात २० सामने जिंकले. ओझाकींच्या खात्यावर पिचर म्हणून शून्य. शेजारच्याची चेंडूफेक रोज पाहायची आणि आपली कुवत जोखायची, हा काही सुखाचा उद्योग नव्हे. तीन हंगामांनंतर त्यांनी बेसबॉल सोडला आणि १९७० साली ते व्यावसायिक गोल्फर झाले. स्वतःची मर्यादा इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे पाहिलेल्या माणसाला बेडूक म्हणताना माझी जीभ अडखळते.

मग ते अमेरिकेत का रमले नाहीत? मला वाटतं, गरजच नव्हती. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या पैशावर जपानचीच टूर गबर झाली होती. मियाझाकीच्या डनलॉप फिनिक्ससाठी परदेशी नामवंत स्वतःहून येत, आणि १९९४ ते १९९६ अशी सलग तीन वर्षं ती स्पर्धा ओझाकींनीच जिंकली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते जागतिक क्रमवारीत पाचवे होते. जपानी विजयांना क्रमवारीत जास्तच वजन मिळतं, अशी कुरकुर तेव्हा झाली. तीत तथ्यही असावं.

तरी इसाओ आओकींचा मुद्दा उरतोच. तेही त्याच टूरवर वाढले, पण १९८०च्या यूएस ओपनमध्ये चारही दिवस अमेरिकी दिग्गज जॅक निक्लाउसच्या जोडीने खेळून दुसरे आले आणि १९८३ साली हवाईत शेवटच्या होलवर १२८ यार्डांवरून थेट चेंडू घालून जिंकले. विहीर तीच होती. म्हणजे दोष काही तिच्या कठड्याचा नव्हता. बाहेर फारसं खेळलो नाही याची खंत खुद्द ओझाकींनी गोल्फच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाल्यावर बोलून दाखवली. चाहत्यांनी ती उगाच झाकू नये.

पण हिशेब मांडायचा तर पुढचाही मांडावा. उतारवयात त्यांनी तरुण खेळाडूंसाठी अकादमी काढली. तिथे शिकलेली माओ साइगो २०२५ साली टेक्सासमध्ये शेव्हरॉन चॅम्पियनशिप खेळली. पाच जणींच्या प्लेऑफमध्ये पहिल्याच होलवर तिने बर्डी केली, आणि गुरूला कधीच न मिळालेली मेजर तिची झाली.