विश्वास आणि गुप्त अंक

ज्यास आपण आपला म्हणतो, त्याच्यापासून काही राखून ठेवावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी तो कपाटाच्या किल्लीच्या निमित्ताने निघत असे. हल्ली तो मोबाइलवरील चार किंवा सहा अंकांच्या निमित्ताने घरोघर निघतो. या अंकांस सर्वजण पिन म्हणतात. माझ्यासारख्या तरुणाने या विषयावर वडीलधाऱ्यांपुढे बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास होय. परंतु फोन अडला की हाक मारली जाते ती आम्हांसच, म्हणून आमच्या कर्तव्याचा विचारही आम्हीच करणे प्राप्त आहे.

यूपीआयची व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. तेव्हापासून भाजीच्या गाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत पैसे देण्याची रीत पालटली. वृद्ध मंडळींना ही रीत अंगवळणी पडण्यास वेळ लागतो आणि मुलगा, नातू, भाची किंवा शेजारचा एखादा मुलगा साहाय्यास येतो. एके दिवशी तो सहज विचारतो, “आजोबा, तुमचा पिन काय?” आजोबा सांगून मोकळे होतात. न सांगावा तर मुलास वाईट वाटेल, ही त्यांची भीती. तो कळल्यावाचून काम होणार नाही, ही मुलाची समजूत. दोघांच्याही मनात पाप नाही. मग यात गैर ते काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी किल्ली आणि अंक यांतील भेद पाहिला पाहिजे. किल्ली दिली म्हणजे कपाट उघडण्याची मुभा दिली. उघडणारा वेगळा आणि मालक वेगळा, हे सर्वांस दिसते. धनादेशावर दुसऱ्याने सही केली तरी अक्षराचे वळण त्याला उघडे पाडते. अंकाला मात्र हस्ताक्षर नसते. तो कोणाच्या बोटाने दाबला गेला, हे बँकेला कळावयास मार्ग नाही. ज्याने बरोबर अंक दाबला, तोच खातेदार, असे यंत्र धरून चालते. म्हणजे पिन सांगणारा मनुष्य एखादी वस्तू देत नसून व्यवहारापुरते आपले नाव आणि आपली सहीच दुसऱ्याच्या हवाली करीत असतो. इतके मोठे दान सहज बोलता बोलता व्हावे, हे उचित नव्हे.

कायदाही या गोष्टीकडे गांभीर्याने पाहतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे स्पष्ट केले होते की, खातेदाराने स्वतःच आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्यानेच सोसावयाचे.

कोणी म्हणेल, “पण घरच्या माणसांत कायदा कशाला? विश्वास आहे की नाही?” येथेच विचाराची गल्लत होते. कुलूप नसणे म्हणजे विश्वास नव्हे. कुलूप असूनही ज्याच्या मनात ते उघडण्याची इच्छा होत नाही, त्याच्यावरील भरवशास विश्वास म्हणावे. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. समजा, खात्यातून दोन हजार रुपये गेले आणि कशास गेले ते कोणास आठवेना. पिन एकट्या आजोबांस ठाऊक असेल, तर ते आपल्या स्मरणशक्तीस बोल लावतील आणि शोध घेतील. तो नातवासही ठाऊक असेल, तर कोणी काही न बोलताही घरातील दृष्टी त्याच्याकडे वळेल. मुलगा निर्दोष असला तरी ते सिद्ध करण्यास त्याच्यापाशी काही साधन नाही. म्हणून पिन न सांगणे हा नातवावरील अविश्वास मुळीच नव्हे. उलट, संशयाच्या वाऱ्यापासून त्याला दिलेले ते संरक्षण आहे.

दुसरी हानी सवयीची आहे. जो मनुष्य आपला अंक घरात चारचौघांस सांगत आला, त्याचा संकोच मोडतो. मग एखादे दिवशी फोनवर गोड आवाजात कोणी “बँकेतून बोलतो” म्हणाला, की जीभ आपोआप सैल सुटते. कोणतीही बँक पिन किंवा ओटीपी विचारीत नाही, आणि आपल्याला पैसे मिळावयाचे असतील तर पिन दाबावा लागत नाही, हे प्रत्येक घरात सर्वांस तोंडपाठ असावे. तरीही फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत वाटले जाण्यापूर्वी अडविता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच अधिक असते.

आता व्यवहाराची बाजू पाहू. दृष्टी मंद झाली, हात कापू लागला, स्मरण राहीनासे झाले, तर काय करावे? अधिकार देण्यास गुप्त अंक द्यावाच लागतो, ही समजूत बरोबर नाही. २०२४ साली सुरू झालेल्या ‘यूपीआय सर्कल’ या सोयीत खातेदार आपल्या विश्वासातील व्यक्तीस मोजका अधिकार देऊ शकतो. एका प्रकारात प्रत्येक खर्चास खातेदार स्वतः संमती देतो. दुसऱ्यात महिन्यास १५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा ठरवून देता येते. किरकोळ खरेदीसाठी ‘यूपीआय लाइट’ आहे. तीत एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनवाचून देता येतात आणि शिल्लक ५,००० रुपयांहून अधिक ठेवता येत नाही. म्हणजे जोखीमही तेवढीच. पतिपत्नींनी संयुक्त खाते उघडल्यास प्रत्येकाचे एटीएम कार्ड आणि पिन निराळा राहतो. पूर्वीची माणसे मुख्त्यारपत्र लिहून देत, ती याच विवेकाने: अधिकार द्यावा, पण त्यास सीमा असावी आणि तो दिल्याची नोंद असावी.

साहाय्य करणाऱ्यांचा धर्म मात्र याहून कठीण आहे. स्वतः करून टाकल्यास जे काम अर्ध्या मिनिटात होते, तेच आजीच्या बोटाने करविण्यास पंधरा मिनिटे लागतात, आणि उद्या पुन्हा तितकीच लागतात. त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा येतो म्हणूनच आपण पिन विचारतो, हे आम्ही तरुणांनी प्रामाणिकपणे ओळखले पाहिजे. त्यात सोय आपली असते आणि नाव मात्र मदतीचे असते. ज्या मदतीने मनुष्य दिवसेंदिवस अधिक परावलंबी होतो, ती मदत अपुरी समजावी. आपले निवृत्तिवेतन किती जमा झाले, हे जाणण्यासाठीही ज्यांना नातवाची वाट पाहावी लागते, त्यांच्या मनास काय वाटत असेल? जन्मभर घर चालविलेल्या माणसास आपल्या पैशाचा हिशेब आपल्या डोळ्यांनी पाहता येणे, हा मानाचा प्रश्न आहे.

म्हणून अक्षरे मोठी करून द्यावीत, पायऱ्या कागदावर क्रमाने लिहून द्याव्यात, पण त्या कागदावर पिन लिहू नये. अंक दाबावयाची वेळ आली की फोन त्यांच्या हाती देऊन आपण तोंड फिरवावे. वडीलधाऱ्यांनीही जन्मवर्षासारखा सहज ओळखता येणारा अंक टाळावा आणि पुन्हा पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नये.

ज्यांचा पिन आज घरात दुसऱ्यास ठाऊक असेल, त्यांनी तो या आठवड्यातच बदलावा, आणि बदलला हे घरात मोकळेपणाने सांगावे. समंजस मुलांस त्याचे वाईट वाटणार नाही. पुढे कधी हिशेब चुकला, तरी घरात कोणाकडे पाहण्याची पाळी येणार नाही, हा त्यातील लाभ त्यांच्याही ध्यानात येईल.