शेवट ठाऊक असताना



एखाद्या चित्रपटाचा शेवट कोणी आधीच सांगून टाकला, तर आपण त्याच्यावर रागावतो. ‘आता पाहण्यासारखे उरले काय?’ असे म्हणतो. आणि तरीही आपल्याच देशात एक प्रेमकथा अशी आहे की, जिचा शेवट कित्येक पिढ्यांना तोंडपाठ असूनही तिच्यासाठी चित्रपटगृहे पुन्हा पुन्हा भरली. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ ही बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. प्रमथेश बरुआ यांनी ती १९३५ साली बंगालीत आणि १९३६ साली कुंदनलाल सैगल यांना घेऊन हिंदीत पडद्यावर आणली. त्या चित्रपटाचे छायाचित्रण करणारे बिमल रॉय यांनी १९५५ साली दिलीपकुमार यांना घेऊन तीच कथा पुन्हा सांगितली, आणि २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी शाहरुख खान यांना घेऊन ती आणखी एकदा सांगितली. देवदास पारोच्या दाराशी येऊन मरणार, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असते. मग तो पाहावयास जातो तरी काय? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, जे टळणार नाही हे ठाऊक आहे, त्यासाठी ढाळलेल्या अश्रूंना नैतिक मोल काही आहे काय?

पहिला प्रश्न प्रथम घेऊ. शेवट ठाऊक नसतो तेव्हा आपले अर्धे लक्ष पुढे धावत असते. ‘आता काय होईल?’ या उत्कंठेपायी समोरच्या माणसाचा चेहराही नीट दिसत नाही. शेवट कळला की ही घाई संपते. शेक्सपियरने हे ओळखले होते. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नाटकात कथा सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकांना सांगून टाकले जाते की, हे दोन प्रेमी जीव प्राणास मुकतील आणि त्यांच्या मरणानेच दोन घराण्यांचे वैर शमेल. गुपित फोडून नाटककार आपल्याला जणू म्हणतो, शेवटाची काळजी आता सोडा आणि हे कसकसे घडत गेले ते पाहा.

‘देवदास’ची कथा या दृष्टीने पाहा. येथे जहाज बुडत नाही, भूकंप होत नाही, कोणी कोणास विष घालत नाही. कथा पुढे सरकते ती लहानसहान नकारांनी. पारो लोकलज्जा बाजूला ठेवून रात्रीच्या वेळी देवदासच्या खोलीत येते आणि माझा स्वीकार कर, अशी विनवणी करते. त्या घटकेला देवदासला आठवतो तो आईवडिलांचा विरोध. तो कलकत्त्याला निघून जातो आणि तेथून तिला पत्र धाडतो की, आपले तिच्यावर तसे प्रेम कधी नव्हतेच. पत्र हातावेगळे होताच त्याला पश्चात्ताप होतो, पण तो परत येतो तोवर फार उशीर झालेला असतो. पारोचे लग्न एका वयस्क, विधुर जमीनदाराशी ठरते. प्रथमच पाहणाऱ्याला हे प्रसंग कथेच्या वाटेवरचे थांबे वाटतात. शेवट जाणणाऱ्याला मात्र त्या प्रत्येक ठिकाणी एक उघडे दार दिसते. ‘अजून वेळ आहे, ते पत्र टाकू नकोस,’ असे तो मनातल्या मनात म्हणतो. पत्र जाणार हे त्याला पक्के ठाऊक आहे, तरीही म्हणतो.

ही आशा वेडगळ वाटेल, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. ‘घडून गेले’ आणि ‘घडणे अटळ होते’ या दोन गोष्टी आपण सहज एक करून टाकतो. शेजारच्या घरी काही विपरीत घडले की ‘ललाटी लिहिलेले चुकत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या वाक्यात सांत्वन थोडे आणि जबाबदारीतून सुटका अधिक असते. पण देवदासला मनोमन थांबवू पाहणाऱ्या प्रेक्षकाची साक्ष याच्या उलट आहे. हे टळू शकले असते, असे त्याचे मन त्याला सांगत असते. ज्याला शेवट ठाऊक आहे, तोच प्रारब्धावर सर्वांत कमी विसंबतो.

आता दुसरा प्रश्न. तो नवा नाही. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात तो रोखठोकपणे मांडला आहे. विद्यार्थिदशेत कार्थेज येथे असताना त्यांना नाटकांचे मोठे वेड होते. जे दुःख माणूस स्वतः कधी सोसू इच्छिणार नाही, ते रंगभूमीवर पाहण्यासाठी तो हौसेने का जातो, असा त्यांचा सवाल आहे. ही करुणा तरी कसली? येथे कोणी प्रेक्षकाला मदतीस बोलावीत नाही, केवळ रडावयास बोलावते. जितके अधिक रडू, तितके अधिक समाधान घेऊन आपण घरी परततो. हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. चित्रपटगृहातील अश्रूंची किंमत तिकिटाच्या दरात चुकती होते. तेथे द्यावयास काहीच लागत नाही. आणि आपण कोमलहृदयी आहोत, असा दाखला मात्र फुकट मिळतो.

याच शंकेवर आपल्या भूमीतील एका थोर नाटककाराने एक विलक्षण प्रवेश रचला आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकाच्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम आणि सीता यांना त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवितो. त्या कथेचा शेवट त्या दोघांपेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार? वनवास संपला आहे, दोघे सुखरूप एकत्र आहेत. तरीही चित्रातला वियोग पाहून सीता भयाने कासावीस होते, रामाचाही कंठ दाटून येतो आणि हे केवळ चित्र आहे, असे तिला समजवावे लागते. आणि मग त्याच अंकात नगरातील लोकापवादाची वार्ता येते आणि राम गर्भवती सीतेचा त्याग करण्याचा निर्णय घेतो. तो कठोर नाही. त्याचे हृदय विदीर्ण होते. पण चित्रातील वियोगासाठी द्रवलेल्या माणसाच्या हातूनच खरा वियोग घडतो, आणि तो त्याच दिवशी. करुणेचा एवढा मोठा कवी या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवतो, तेव्हा आपणही दोन्हींकडे मिळून पाहिले पाहिजे.

वाचकहो, अश्रू खरे असूनही अपुरे पडू शकतात, असाच याचा अर्थ मला दिसतो. त्यांचा दोष खोटेपणाचा नाही. ते पडद्यापाशीच थांबतात, हा त्यांचा दोष आहे.

अलीकडील एक उदाहरण पाहा. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा मराठी चित्रपट २०१६ साली आला. पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परशा यांच्या प्रेमाची ही कथा. तिच्या गाण्यांवर प्रेक्षक चित्रपटगृहांत नाचले आणि शेवटी त्याच प्रेक्षकांना सुन्न होऊन बाहेर पडावे लागले. हैदराबादला संसार मांडून बसलेल्या आर्चीकडे तिचा भाऊ माणसे घेऊन येतो. त्यांच्या हाती माहेरची भेट आहे. आर्ची लगबगीने त्यांच्यासाठी चहा करते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की, चला, दुरावा मिटला! दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला तो चहा पाहवत नाही. तिच्या चेहऱ्यावरील आनंद किती निर्मळ आहे आणि माहेरच्या एका हाकेसाठी ती किती आसुसलेली होती, हे शेवट ठाऊक असल्यामुळेच दिसते. काही वेळाने तिचे लहानगे बाळ घरात येते आणि चित्रपट निःशब्द होतो.

येथे कोणी म्हणेल काय, की हे ललाटी लिहिलेले होते? लिहिणारे हात माणसांचे होते. आणि हा दोष दुसऱ्या कोणाच्या समाजाचा म्हणून सोडून देता येत नाही. लग्नाची बोलणी सुरू होताच जात, पंथ, भाषा, पैसा यांची चौकशी आपल्याही घरांत होते. आर्चीसाठी रडून घरी आलेला बाप आपल्या मुलीने कोणाचे नाव घेताच तिच्याशी बोलणे टाकतो. पारोसाठी हळहळणारी आई ‘लोक काय म्हणतील’ एवढ्या एका वाक्याने मुलाची वाट अडविते. शस्त्र हाती घेणारे थोडे असतात. पण उघडे दार हळूच लोटून घेणारे पुष्कळ, आणि त्यांत तुम्हीआम्ही सारे येतो.

शरच्चंद्रांनी आपल्या कादंबरीच्या अखेरीस वाचकांशी थेट बोलून देवदाससारख्या अभाग्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली आहे. इतरांचे काहीही होवो, पण असे मरण कोणास न येवो. मरतेसमयी एखाद्या प्रेमळ हाताचा स्पर्श कपाळास लाभावा, असा त्या विनंतीचा आशय आहे. कथा संपवूनही लेखकाला वाचकाकडून आणखी काही हवे होते. देवदाससाठी आता काही करता येणार नव्हते. परंतु कपाळावर ठेवण्यासाठी वाचकाजवळ हात होता.

शेवट ठाऊक असलेली कथा आपल्याला हीच एक गोष्ट देऊ शकते. तिच्यात दारे कोठे होती, हे दिसते. ती केव्हा व कशी मिटली, हेही दिसते. आपल्या स्वतःच्या कथेचा शेवट मात्र आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तेथे दारे ओळखू येत नाहीत. ती नेहमीच्या दिवसासारखी, जेवणाच्या पानावरच्या बोलण्यासारखी, उत्तराची वाट पाहणाऱ्या एखाद्या पत्रासारखी साधी दिसतात. तेव्हा अशी कथा पुन्हा अवश्य पाहा, आणि रडू आले तर रडाही. परंतु घरी परतल्यावर एवढा विचार करा की, आज आपल्याकडे कोण काय मागत आहे आणि त्याला आपण कोणते उत्तर देणार आहोत. पडद्यावरचे पत्र केव्हाच टपालात पडले आहे. तुमचे अजून तुमच्या हाती आहे.