आधी खेळू द्या

आपल्या राळेगणसिद्धीच्या अंगणवाडीतल्या प्रवेशोत्सवाचे फोटो सगळ्यांनीच पाहिले. तीन-चार वर्षांची पोरं मांडवात ओळीनं बसवलेली, डोक्याला फेटे, हातात गुलाब, समोर पाहुणे आणि कानाशी कर्णा. निम्मी रडत होती. रडणाऱ्या पोराला पुन्हा पुन्हा उचलून कॅमेऱ्यापुढं धरणं, याला स्वागत म्हणायची माझी तयारी नाही.

वरून आदेश होता, पालकांची हौस होती, ही कारणं सोडून देऊ. पण ‘आधी बसायची सवय लागू द्या, खेळ काय, नंतर आहेच’ हे कारण सोडवत नाही. कसली सवय? चिंचोके मांडायला घेतले की हेच पोर जेवायला हाक मारली तरी जागचं हलत नाही. बसता येत नाही ते आपल्याला. ग्रामसभेत अर्धा तास धड बसत नाही आपण. फोन वाजला की उठून मंडपाबाहेर. आणि साडेतीन वर्षांच्या जिवानं मात्र मांडी घालून, हाताची घडी, तोंडावर बोट! ओळीत बसलेल्याला पुढच्याचं डोकं दिसतं, तोंड दिसत नाही. अशी पोरं महिनाभर शेजारी बसली तरी एकमेकांना परकीच राहतात, आणि आपण म्हणतो, शिस्त लागली.

माणसं एकत्र येतात ती शेजारी बसून नाही, बरोबर काम करून; राळेगणसिद्धीत तरी हे सांगावं लागू नये. 1975 साली अण्णा हजारे लष्करातून परतले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशांतून यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती काढली. तरुण पोरं हात लावायला आली. पुढं नालाबांध, पाझर तलाव, शाळा, सगळ्याला गावाचं श्रमदान लागलं. एकानं पाटी भरली, दुसऱ्यानं उचलली, आणि त्यात गाव एक झालं. लहान मूल गटात येतं ते याच वाटेनं. त्याचं काम म्हणजे खेळ. वाळूचा ढीग, बादलीभर पाणी, चार करवंट्या पुरतात. नवं मूल आधी कडेला उभं राहून बघतं. मग जवळ बसून, काही न बोलता, तेच करू लागतं. मग करवंटी ओढतं, भांडतं, आणि भांडता भांडता त्यांच्यातलं होतं. ताईंनी जवळ असावं. ‘जा, खेळ त्यांच्यात’ म्हणून ढकलू नये. कडेला उभं राहायचाही त्याला वेळ हवा.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. फेट्यांवाचून त्यांचं काही अडलं नाही.

फोटो हवाच असेल तर दिवाळीनंतर काढा, तोवर पोरं हसायला लागलेली असतील. आणि पुढच्या जूनचं पत्रक काढणाऱ्यांना हात जोडून विनंती: पहिले पंधरा दिवस भाषण नको, कर्णा नको, पाहुणा नको. अंगणात एक ट्रॉली वाळू टाकून द्या.