बिघाड कुणाचा, जबाबदारी कुणाची?

जे आपण बिघडवले नाही, ते नीट ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात शोभावा असा आहे. तथापि त्याच्या उत्तरासाठी आम्ही वाचकांना येरवड्यातील एखाद्या इमारतीच्या वाहनतळाकडे नेऊ इच्छितो. तिथे मुलाच्या हट्टाखातर घेतलेली, जाड टायरांची गियरची सायकल भिंतीला टेकून उभी असते. पुष्कळदा तिच्या मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या छोट्या यंत्राची, जुळणी बिघडलेली असते. चेन कुरकुरते, चढावर उडी मारते, आणि हळूहळू मुलगा सायकल काढीनासा होतो.

या यंत्राचा इतिहास बोधप्रद आहे. टूर द फ्रान्स या विख्यात शर्यतीत त्याला १९३७ साली प्रवेश मिळाला. त्यानंतर कित्येक वर्षे स्वार चेनचा आवाज ऐकून गियरची दांडी थोडी पुढे-मागे सरकवीत. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने एका खटक्याला एक गियर अशी व्यवस्था आणली व ती रूढ झाली. स्वाराची सोय झाली खरी. पण जे लक्ष तो वाटेत क्षणोक्षणी देत असे, ते आता निघण्यापूर्वीच देऊन ठेवावे लागते. सोयीने काळजी संपत नाही, तिची वेळ बदलते.

ही जुळणी बिघडते तेव्हा बहुधा कुणाचाच अपराध नसतो. नव्या केबलचे आवरण पहिल्या काही आठवड्यांत आपल्या जागी दबून बसते आणि केबल किंचित सैल पडते. आठ चक्रांच्या संचात शेजारच्या दोन चक्रांच्या मध्यांतले अंतर सुमारे ४.८ मिलिमीटर असते. एवढ्याशा जागेत एका मिलिमीटरचा फरकही जाणवतो. आपली नित्याची विचारपद्धती मात्र आधी अपराधी शोधते आणि तो न सापडल्यास प्रश्न मिटला असे समजते. वस्तुतः तो मिटलेला नसतो. डिरेलरच्या आतल्या मर्यादेचा स्क्रू चुकीचा बसला असेल, तर चढावर सर्वांत हलका गियर टाकताच चेन मोठ्या चक्रापलीकडे स्पोकमध्ये जाऊ शकते. प्रसंगी डिरेलरच स्पोकमध्ये अडकतो आणि चाक जागीच थांबते. नगर रस्त्याच्या रहदारीत हे घडले, तर कुणी निर्दोष होते या गोष्टीने त्या मुलाचे रक्षण होणार नाही.

म्हणून आम्हांला वाटते की जबाबदारी नेहमी अपराधातूनच जन्मते असे नाही. आपल्यावर कोण विसंबून आहे, यातूनही ती जन्मते. भावाभावांतला अबोला पुष्कळदा भांडणातून येत नाही. पत्र लांबते, भेट राहून जाते, आणि केबल सैलावते. अशा वेळी ‘मी काय केले?’ हा प्रश्न खरा असला तरी अपुरा ठरतो.

काळजी घेणे म्हणजे दिसेल तो स्क्रू फिरवणे मात्र नव्हे. डिरेलरवरचे दोन मर्यादा-स्क्रू चेनने कुठवर जावे एवढेच ठरवतात. मधले गियर जुळतात ते केबलच्या ताणाने. मधला गियर कुरकुरला म्हणून मर्यादा सरकवली, तर लहान दोषापायी मोठा धोका ओढवतो. ज्या धातूच्या कानाला डिरेलर टांगलेला असतो, तोच सायकल पडून वाकला असेल, तर केबल कितीही ताणली तरी सगळे गियर जुळत नाहीत. आधी तो कान सरळ करावा लागतो. शिवाय मागचे चाक उचलून पेडल फिरवले की सारे ठीक भासते. खरी परीक्षा स्वाराचे वजन पडल्यावर, चढावरच होते.

येरवड्याच्या मातीला ही निगा अपरिचित नाही. गांधीजींनी येथील कारागृहात असताना पेटीत मावणाऱ्या चरख्याची रचना सुधारली, आणि तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचीही चाती वाकली की सूत तुटते, दोरी सैलावली की चाती घसरते. कातणाऱ्याला रोज बसण्यापूर्वी दोन्ही पाहावी लागतात.

यावर कुणी म्हणेल, अशाने माणूस सदैव हत्यारे घेऊनच बसेल. तसे नाही. जे निमूट चालले आहे त्याला उगाच हात न लावणे हाही निगेचाच भाग आहे. केबलच्या टोकाशी एक छोटी नळी असते. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुचरत असेल, तर ती पाव फेरा उलट फिरवावी, पेडल मारून ऐकावे, आणि गरज असेल तरच आणखी पाव फेरा द्यावा. एवढ्याने बहुतेक वेळा भागते. हा पाव फेरा कुणी द्यायचा, एवढाच प्रश्न घराघरांत उरतो. आणि ज्याला ती कुरकुर ऐकू आली, त्याच्याकडेच ते काम आले आहे, असे आम्ही मानतो.